बोल्ट सुटेपर्यंत

ब्रेकचं काम गाडीवाले पुढे ढकलत राहतात. विचारलं तर सीझन चालू आहे म्हणतात, पैसे अडकलेत म्हणतात. मी रत्नागिरीत मासळीची गाडी स्वतः चालवतो, तिचे ब्रेकही गेली अनेक वर्षं स्वतःच करतो, आणि माझं मत असं झालंय की खरी धास्ती असते ती बोल्टची. चाक खोललं, आतला एखादा बोल्ट तुटला आणि गाडी तिथेच बसली तर उद्याचा माल कोण उचलणार? या एका भीतीपायी लायनर रिव्हेटपर्यंत झिजला तरी माणूस पेडल दोनदा मारून गाडी थांबवत राहतो. अंबा घाट उतरताना जळक्या लायनरचा वास केबिनमध्ये येतो, तेव्हा तो खिडकीची काच वर करतो. पण चाक खोलत नाही.

माझी गाडी म्हणजे टाटाची जुनी ४०७. हे मॉडेल १९८६ साली आलं आणि कोकणातल्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांना चांगलंच मानवलं. मागे जोडचाकं, चारही चाकांना ड्रम, ब्रेक हायड्रॉलिक. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरातलं ब्रेक ऑइल पाइपातून चाकापाशी जातं, तिथला छोटा व्हील सिलिंडर दोन्ही शू बाहेर ढकलतो आणि शूवरचा लायनर फिरत्या ड्रमला आतून धरतो. यात न समजण्यासारखं काही नाही. अंगणात सपाट जागा, जॅक, गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या आणि बऱ्यापैकी गोटी सेट असेल तर हे काम कुणालाही शिकता येतं. अवघड असतं ते फक्त उघडणं.

मासळीच्या गाडीचं लोखंड फार सोसतं. मिरकरवाड्याच्या जेट्टीवर क्रेट भरले की तेव्हापासूनच बर्फ वितळायला लागतो. ते पाणी, मासळीचं खारं पाणी, रक्त, सगळं हौद्याच्या फटींतून गळत चेसिसवर, मागच्या अॅक्सलवर, ब्रेकच्या पाइपांवर उतरतं. साधं पाणी निदान वाळून जातं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे गाडी रात्रभर शेडमध्ये उभी असली तरी लोखंड ओलंच राहतं. गंजाची दुसरी खोड अशी की मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीहून अधिक जागा खातो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो तयार झाला की फुगतो, आणि पाचर मारल्यासारखा नट जागच्या जागी आवळून धरतो. नट हलत नाही म्हटलं की आपण आधीच्या मिस्त्रीला शिव्या घालतो, एवढा कशाला पिळला म्हणून. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. त्याने बेताचाच आवळलेला असतो, पुढचं सगळं मिठाने केलेलं असतं.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते मिस्त्री जेट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचे. वडिलांच्या वयाचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. मागच्या चाकाच्या निपलला पाना लावून मी अंगाचा भार टाकणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब बेटा. आधी त्याला बघ तरी नीट."

बघण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि वायर ब्रशने ती जागा घासायला लावली. हवा काढायचा निपल म्हणजे एक छोटा पोकळ बोल्ट. आतून भोक, बाजूला आणखी एक आडवं भोक, त्यामुळे धातूची भिंत अगदी पातळ. तोंडावर रबरी टोपी असायला हवी, ती बहुतेक गाड्यांवर कधीच पडून गेलेली असते. मग त्या भोकात चिखल आणि खारं पाणी साचतं आणि निपल आतून-बाहेरून दोन्हीकडून गंजतो. घासल्यावर दिसलं की त्याचे सहा कोपरे जेमतेम शिल्लक आहेत आणि बुडाशी गंजाची गोल कड चढली आहे. अशा निपलवर फिक्स पाना लावून जोर केला असता तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. कोपरे गोल झाले असते, नाहीतर मान मोडून अर्धा तुकडा सिलिंडरात राहिला असता.

चाचांनी बुडाशी तेलाचे थेंब सोडले, छोट्या हातोडीने निपलच्या डोक्यावर आणि आजूबाजूला टकटक केलं आणि पाना ठेवून दिला. "उद्या."

मी वैतागलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला कोल्हापूरला निघायचं होतं. त्यांनी गाडी दिली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा टकटक. मग निपलच्या भोकात बसेल अशा मापाच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा आत सरकवला, म्हणजे पोकळ भिंत आत दबणार नाही. वरून सहा कोनी रिंग पाना बसवला आणि निपल आधी किंचित आवळला. सोडवायचा बोल्ट आवळतात हे मी पहिल्यांदा पाहत होतो. आवळताना अगदी बारीक 'कच्' असा आवाज आला. तो आला की मग सैल करायचा, थोडा सुटला की परत आवळायचा, पुन्हा सैल करायचा. पुढे-मागे करत गंजाची भुकटी आट्यांतून बाहेर येते. एकाच दिशेने ओढत राहिलं तर तीच भुकटी पुढच्या आट्यात कोंबली जाते आणि अर्ध्यावर सुटलेला बोल्ट पुन्हा अडकतो.

पुढे माझ्या हाताला जे कळायला लागलं त्याची सुरुवात त्या दिवसात आहे. पान्याच्या दांड्यातून बोल्ट काय करतोय ते समजतं. सुटणारा बोल्ट आधी ताठ असतो, मग एकदम 'कट्' असा आवाज देऊन थोडा फिरतो आणि त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला हलका होत जातो. तुटणारा बोल्ट आवाज न करता फिरायला लागतो. मऊ लागतो. जोर तेवढाच लावायला लागतोय, पाना फिरतोय, पण सुटल्याचं हलकेपण हाताला येत नाही. तसं वाटलं की त्या क्षणी हात काढून घ्यायचा, कारण पोलाद पीळ खायला लागलेलं असतं. अजून थोडं फिरवलं तर डोकं हातात येतं. हे पुस्तकात वाचून जमत नाही, पण एकदा ओळखीचं झालं की विसरायलाही होत नाही.

आपल्याकडे अडलेल्या नटावर पहिला उपाय म्हणजे पान्याला पाइप लावणे. पाइप वाईट नाही, त्याचा हिशोब ठाऊक हवा. पाव मीटर लांब पान्यावर सत्तर किलोचा माणूस लोंबकळला तर जेवढा पीळ बसतो, एक मीटर पाइपावर त्याच्या चौपट बसतो. चाकाच्या जाड नटाला तो चालतो, तिथे मीही पाइप लावतो. पण व्हील सिलिंडर धरणारा दहा मिलिमीटरचा बोल्ट बघा. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला या मापाचा बोल्ट साधारण पन्नास न्यूटन मीटरला आवळायचा असतो. एक मीटरच्या पाइपावर नुसते पाच किलो टेकले की एवढा पीळ झाला. म्हणजे पाइप लावून जोर करणाऱ्याला तो कधी तुटला हे कळणारसुद्धा नाही. लहान बोल्टला छोटा पानाच बरा. दांड्यावर हातोडीचे आखूड, कोरडे ठोके द्यावेत. सलग ओढण्यापेक्षा ठोक्याने गंज लवकर फुटतो.

चाकाच्या नटांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. काही जुन्या अवजड गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, आणि स्टडच्या टोकावर तशी खूण कोरलेली असते. दुसऱ्याच्या गाडीचं काम करताना आधी टोक घासून खूण बघावी. नट अडकलाय असं समजून दोघं-दोघं पाइपावर उभे आहेत आणि प्रत्यक्षात तो आवळत चालला आहे, असं मी हायवेच्या कडेला पाहिलंय. मग स्टड तुटतो.

तेलाचं म्हणाल तर प्रत्येक मिस्त्रीचं आपलं एक असतं. कुणी डिझेल सोडतो, कुणी घासलेट. डब्ल्यूडी-४० आता गावोगाव मिळतं. ते १९५३ साली अमेरिकेत तयार झालं ते मुळात धातूवरचं पाणी हटवण्यासाठी, आणि नावातला चाळीसचा आकडा चाळिसाव्या प्रयोगाचा. ओलं लोखंड कोरडं करायला ते फार उपयोगी आहे. खोलवर गंजलेल्या आट्यांत मला गिअरबॉक्सचं पातळ ऑइल आणि अॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळून जास्त गुण येतो, मात्र ते लगेच पेट घेतं, म्हणून त्या दिवशी जवळपास आग नाही आणि विडी तर नाहीच. पण कुठलंही तेल असो, त्याला वेळ लागतो, आणि तो आपण देत नाही. संध्याकाळी घासून तेल सोडायचं, ठोके द्यायचे, रात्री परत, सकाळी परत. माझ्या अंगणातले निम्म्याहून जास्त बोल्ट नुसत्या वाट पाहण्याने सुटले आहेत.

ब्रेकच्या कामात मात्र तेलाचा हात सांभाळावा लागतो. लायनरवर तेल पडलं तर तो लायनर गेला. तो पुसून, तापवून परत लावणारे लोक आहेत, मी लावत नाही. आणि खनिज तेल व्हील सिलिंडरातल्या रबराला लागलं की रबर फुगतं. आज दिसत नाही, पंधरवड्याने पेडल खाली जायला लागतं. म्हणून तेल सोडायच्या जागी मी पिचकारी वापरत नाही, तारेच्या टोकावरून थेंब सोडतो. ड्रममधली काळी धूळही हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरांमध्ये एस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यावं. चाचांना शेवटी दमा होता. कशाने होता ते मला सांगता येणार नाही, पण त्यांच्या शेडमध्ये सगळे ड्रम कॉम्प्रेसरनेच साफ व्हायचे.

ड्रम अडकणे हा मासळीच्या गाड्यांचा नेहमीचा रोग. सगळे स्क्रू निघाले, चाक निघालं, ड्रम हलत नाही. हबवर जिथे तो बसतो तिथे गंजाची कडी तयार झालेली असते, आणि आतल्या बाजूला लायनरच्या घासण्याने ड्रमला काठ पडलेला असतो, त्यात शू अडकतात. आमच्या शेजारच्या आळीतल्या एका तरुणाने वैतागून ड्रमच्या कडेवर घण घातला. ड्रम बिडाचा असतो, बीड वाकत नाही, तडकतं. कडेचा पुडीएवढा तुकडा उडाला आणि नवा ड्रम येईपर्यंत गाडी उभी राहिली. त्याच्या जागी मी असतो तर आधी मागच्या बाजूने अॅडजस्टर फिरवून शू आत घेतले असते. मग ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात ती शोधली असती. ती ड्रम बाहेर ढकलायलाच दिलेली असतात, पण गंज आणि रंगाने इतकी बुजलेली असतात की कित्येकांना ती आहेत हेच माहीत नसतं. त्यात टॅप फिरवून आटे साफ करायचे, दोन चांगले बोल्ट घालायचे आणि एकाला अर्धा फेरा, मग दुसऱ्याला अर्धा फेरा, असं आलटून-पालटून आवळत जायचं. मध्ये हबच्या भोवती हातोडीने ठोके. एक क्षण येतो की ड्रम 'ठण्' करून पुढे येतो. तो आवाज ऐकला की मला आजही बरं वाटतं.

तेलाने, ठोक्याने, आवळ-सैल करून जे सुटत नाही त्याला आग. इथे बहुतेक लोक बोल्ट तापवतात. तापवायचा असतो नट, किंवा ज्या भोकात बोल्ट आहे त्याच्या भोवतीचं लोखंड. तापून ते पसरतं आणि भोक किंचित मोठं होतं. हिशोब केला तर सोळा मिलिमीटरच्या भोकात तीनशे अंशांनी तापवून मिलिमीटरचा विसावा भाग एवढाच फरक पडतो. तेवढा पुरतो. तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि थंड होताना आत वंगण राहतं. हा उपाय चाचांचा, आणि मला त्याने क्वचितच दगा दिलाय.

आग कुठे लावायची नाही हे जास्त महत्त्वाचं. ब्रेक ऑइलने भरलेला सिलिंडर तापवायचा नाही, आतलं ऑइल उकळतं आणि बाहेर उडालं तर पेटतं. रबरी होस जवळ असेल तर ती आधी काढायची. बेअरिंग आणि ग्रीस असलेल्या हबवर ज्योत धरायची नाही. आणि जो बोल्ट किंवा नट लालभडक तापवला तो सुटल्यावर फेकून द्यायचा, कारण पोलादाची मूळ ताकद आगीत गेलेली असते. दिसायला तो चांगला असतो, म्हणूनच डब्यात ठेवावासा वाटतो. तो डब्यात जाऊ द्यायचा नाही, कारण डब्यात गेलेला बोल्ट कधीतरी गाडीला लागतोच.

तुटलेल्या बोल्टची भीती माझ्या मनातून ज्या दिवशी गेली तो दिवस मला चांगला आठवतो. शू ज्या पत्र्यावर बसतात त्या मागच्या बॅक प्लेटला अॅक्सलशी धरणारा एक बोल्ट प्लेटच्या पातळीतच तुटला होता. पकडायला काही नाही. मी ड्रिल आणि ईझी-आउट घेऊन बसलो होतो. ईझी-आउट म्हणजे उलट्या पिळाचा कठीण पोलादाचा खिळा. बोल्टला मधोमध भोक पाडून तो आत ठोकायचा आणि उलटा फिरवायचा. पण तो स्वतःच आत तुटला तर त्याच्यावर ड्रिल चालत नाही, आणि बोल्ट अडकला त्यापेक्षा वाईट अवस्था होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडचे वेल्डिंगवाले काका चहा घेत आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ते खाली ठेवा जरा. आधी बॅटरीचा वायर काढा."

बॅटरी सोडली. अर्थचा चिमटा त्यांनी बॅक प्लेटवरच, बोल्टच्या अगदी जवळ लावला, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. तुटलेल्या तोंडावर त्यांनी आधी एक वायसर ठेवला आणि त्याच्या भोकातून वेल्ड भरला. त्यावर नट ठेवून आतून भरला. लाल नट काळा पडेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आता लावा पाना." मी पाइप शोधायला लागलो तर ते हसले. साध्या रिंग पान्याने, एका हाताने, तो बोल्ट बाहेर आला. वेल्डिंगच्या उष्णतेने तुकडा तापून पसरला होता, भोवतीचं गार लोखंड त्याला पसरू देत नव्हतं, म्हणून तो दबला, आणि थंड होऊन आकसला तेव्हा गंजाची पकड सुटली. मी त्यांना पैसे विचारले. चहाचे द्या म्हणाले. त्या दिवसापासून तुटलेला बोल्ट म्हणजे माझ्यासाठी आणखी एक दिवसाचं काम, त्यापलीकडे काही नाही.

आणि कधी वाचवायचं नाही, हेही शिकावं लागलं. अॅक्सलवरून जाणाऱ्या ब्रेक पाइपचा नट हे त्याचं उत्तम उदाहरण. नट आणि पाइप गंजून एकजीव होतात. नट फिरवायला गेलं की आतला पाइपही त्याच्याबरोबर पीळ खातो. फिक्स पान्याने नटाचे कोपरे जातात, मग ग्रिप प्लायर येतो, मग शिव्या येतात. मी अनेक वर्षं ते पाइप वाचवायच्या मागे असायचो. आता जुना पाइप गंजलेला दिसला की सरळ नटाजवळ कापतो आणि नटावर सहा कोनी गोटी बसवतो. गोटी पूर्ण चढते, पकड पक्की मिळते, नट सुटतो. नवा पाइप लागतो. तसाही तो लागणारच होता, कारण बाहेरून एवढा गंजलेला पाइप घाटात पेडलवर उभं राहिल्यावर फुटण्याचीच वाट पाहत असतो. नव्या गाड्यांत ब्रेकची दोन सर्किटं असतात म्हणून एक फुटलं तरी दुसरं काही प्रमाणात धरतं. त्या भरवशावर गाडी चालवायची नसते.

माझा मावसभाऊ कॅनडात असतो. त्याच्याकडे पिकअप आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे समुद्र शेकडो मैल लांब असूनही त्याच्या गाडीचे बोल्ट माझ्यासारखेच गंजतात. एका रविवारी त्याने फोन केला. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा ब्रॅकेट धरणारे दोन बोल्ट, तेल दोन दिवस सोडतोय, हलत नाहीत. व्हिडिओवर बघितलं तर बोल्टला बाहेरून गंज फारसा नव्हता. मी विचारलं, "आट्यांवर कंपनीने काही चिकटवलेलं असतं का रे?" त्याने शोधून सांगितलं की असतं. आटे जाम करणारं ते लाल द्रव सुकून गोंदासारखं बसतं, तेल त्यात शिरतच नाही. त्याला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता दिली तरच ते मऊ पडतं. होस बाजूला घेऊन त्याने तापवलं आणि गरम असतानाच ओढलं, सुटले. म्हणजे बोल्ट का अडकलाय हे ओळखल्याशिवाय हातात काही घेऊ नये. गंजाला एक औषध, गोंदाला दुसरं, आणि वाकलेल्या आट्यांना तिसरंच.

एका ठिकाणी मात्र मी कुणालाच हात घालू देत नाही. मोठ्या गाड्यांना एअर ब्रेक असतात. त्यांच्या मागच्या ब्रेक चेंबरमध्ये पार्किंगसाठी दाबून ठेवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. हवा गेली तरी ब्रेक लागलेले राहावेत म्हणून ती असते. त्या चेंबरची पट्टी गंजली आहे म्हणून छिन्नीने तोडायला गेलं तर ती स्प्रिंग माणूस मारते. ती आधी तिच्यासाठी असलेल्या लांब बोल्टने बंद करावी लागते, आणि ते काम ज्याने शिकून घेतलंय त्यानेच करावं. माझ्या गाडीला ते नाही. ज्यांच्या गाडीला आहे त्यांनी अंगणात प्रयोग करू नयेत.

गाडीखाली जाण्याबद्दलही तसंच. कोकणात दारात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात, आणि घोडीच्या जागी अॅक्सलखाली दोन चिरे लावायची सवय सगळ्यांना आहे. जांभा भिंतीत भार घेतो, कारण तिथे भार सगळीकडे पसरलेला असतो. अॅक्सलचं एक टोक त्याच्यावर टेकलं आणि वर तुम्ही पाइपाला झटके देताय, तर तो भुगा होऊन बसतो. अडलेल्या बोल्टच्या कामात गाडी हलणारच, हे धरूनच तयारी हवी. चाकांना पुढून-मागून ठोकळे, जॅकखाली जाड फळी कारण पावसाळ्यात जमीन खचते, आणि लोखंडी घोड्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. एवढं झाल्यावरच आडवं व्हायचं.

मी हे सगळं दरवर्षी १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत करतो. होड्या वर ओढलेल्या असतात, माल नसतो, आणि तेल सोडून तीन दिवस वाट पाहिली तरी कुणाचं काही अडत नाही. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त त्रास झाला. दुसऱ्या वर्षी त्याच चाकाला निम्मा वेळ लागला. कारण जोडताना मी आटे वायर ब्रशने साफ केले होते, टॅप आणि डाय फिरवले होते, संशयास्पद बोल्ट बदलून ८.८ खुणेचे नवे घातले होते आणि बॅक प्लेटच्या बोल्टांना आटे न चिकटू देणारी तांब्याची पेस्ट अगदी थोडी लावली होती. निपलला नवी रबरी टोपी. ड्रम बसतो ती हबची कड घासून तिच्यावर पेस्टचा पुसट हात. चाकाच्या नटांना मात्र मी मनाने काही लावत नाही. नट आवळताना लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच जातो. तिथे तेल लागलं तर त्याच जोरात स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो, म्हणून कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच. आणि चाक लावल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा एकदा तपासायचे.

शेवटी ब्रेकची हवा काढायची, मास्टर सिलिंडरपासून लांबच्या, म्हणजे आपल्याकडे डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करून. डबा उघडून ठेवलेलं जुनं ऑइल घालायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर तेच १४० अंशांच्या आसपास उकळायला लागतं, आणि घाटात तापलेल्या ड्रमपाशी ऑइल उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. हे ऑइल काढायला निपल उघडावा लागतो. निपल उघडायची भीती वाटते म्हणून ऑइल वर्षानुवर्षं बदललं जात नाही. असं सगळं त्या एका गंजलेल्या पोकळ बोल्टापाशी येऊन थांबतं.

ज्यांना स्वतः करायचं नाही त्यांनी करू नये, त्यात कमीपणा काही नाही. पण काम बाहेर दिलंत तर मिस्त्रीच्या मागे घड्याळ घेऊन उभे राहू नका. "जाऊ दे, तीन बोल्टांवर बसव, चौथा नंतर बघू," हे वाक्य मी गॅरेजमध्ये मालकांच्या तोंडून फार वेळा ऐकलंय, आणि मिस्त्री गरीब असतो, तो ऐकतो. तुटलेला बोल्ट काढायला लागणारा दिवस आणि त्याचे पैसे त्याला द्या. चार बोल्टांच्या जागी चार बोल्ट बसल्याशिवाय गाडी गॅरेजमधून बाहेर काढू नका.